दया, दार नको तोडूस!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. उजवा हात वर उचलायचा, पाचही बोटं हवेत गोल गोल फिरवायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि खर्जातल्या आवाजात म्हणायचं, "दया, कुछ तो गडबड है!" सांगा पाहू, कोण हे?

वाक्य पुरं व्हायच्या आधीच तुम्ही ओरडला असाल, "एसीपी प्रद्युम्न!" आणि हे पान तुमच्या आधी बाबांच्या हाती लागलं असेल, तर त्यांचाही हात आपोआप वर गेला असेल. त्यांना हसू नका हं! 'सीआयडी' ही मालिका सोनी वाहिनीवर सुरू झाली २१ जानेवारी १९९८ रोजी. त्या वेळी जी मुलं तिसरी-चौथीत होती, ती आता स्वतः आई-बाबा झाली आहेत. २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ ती चालली आणि तिचे १५४७ भाग झाले. मग सहा वर्षं विश्रांती. २१ डिसेंबर २०२४ पासून तेच एसीपी, तोच दया आणि तोच अभिजीत पुन्हा कामाला लागले.

आमच्या मीरा रोड-भाईंदरच्या कुठल्याही सोसायटीत सुट्टीच्या दिवशी सकाळी डोकावून पाहा. कंपाउंडमध्ये क्रिकेटचा कंटाळा आला, की मुलं सीआयडी-सीआयडी खेळू लागतात. ज्याचा आवाज मोठा तो एसीपी. जो अंगानं दणकट तो दया. जिला चष्मा आहे ती डॉक्टर साळुंखे. पण चोर व्हायला मात्र कुणीच तयार नसतं! मग चोर कोणाला करतात? जो सगळ्यांत लहान असेल त्याला. नाहीतर जो नुकताच त्या बिल्डिंगमध्ये राहायला आला आहे त्याला. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. आपल्याला पुढं तिचं काम पडणार आहे.

बँकेतले साहेब

एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम. २१ एप्रिल १९५० हा त्यांचा जन्मदिवस. तुम्हाला वाटेल, हे लहानपणापासून नटच असतील. छे! ते होते बँकेत. सेंट्रल बँक ऑफ इंडियात नोकरी करत करत ते हौसेनं नाटकात काम करायचे. बँकांच्या नाट्यस्पर्धेत त्यांचं काम पाहिलं नट बाळ धुरी यांनी. ('रामायण' मालिकेतले दशरथ महाराज तेच, आजीला विचारा!) त्यांच्यामुळे साटमांना 'संगीत वरद' या नाटकात काम मिळालं आणि पुढचा रस्ता उघडला. 'दे धक्का' सिनेमातले आजोबाही तेच, हे तुमच्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं होतं?

आणखी एक गंमत सांगते. 'सीआयडी'ची पाळंमुळं एका मराठी मालिकेत आहेत. बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मुंबई दूरदर्शनवर ते कॅमेरामन होते. तिथंच त्यांनी पोलीस तपासाच्या खऱ्या घटनांवर एक मालिका केली. तिचं नाव 'एक शून्य शून्य'. त्या काळी पोलिसांना बोलवायचा फोन नंबर होता १००, म्हणून हे नाव. (आता पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या तिघांसाठी मिळून ११२ हा नंबर आहे, तो पाठ करून ठेवा.) 'एक शून्य शून्य'मध्येही शिवाजी साटम पोलिसाच्या वेषात होते. तीच जोडी पुढं 'सीआयडी'त आली.

या सिंगसाहेबांनी २००४ साली एक विक्रमच केला. 'सीआयडी'चा १११ मिनिटांचा एक भाग त्यांनी कॅमेरा मध्ये एकदाही न थांबवता चित्रित केला. म्हणजे कोणी संवाद विसरला, कोणी अडखळला, की सगळं पहिल्यापासून! शाळेच्या स्नेहसंमेलनात दहा मिनिटांच्या नाटुकल्यात आपली काय त्रेधा उडते ते आठवा, म्हणजे १११ मिनिटं म्हणजे काय ते कळेल.

बाकी मंडळीही तुमच्या ओळखीचीच. दया म्हणजे दयानंद शेट्टी, हे मूळचे थाळीफेक करणारे खेळाडू. दारं उगीच नाही तुटत! अभिजीत म्हणजे आदित्य श्रीवास्तव. डॉक्टर साळुंखे म्हणजे नरेंद्र गुप्ता. आणि घाबरट, गमत्या फ्रेडरिक्स म्हणजे आपले दिनेश फडणीस. ५ डिसेंबर २०२३ रोजी ते गेले, तेव्हा कितीतरी मोठ्या माणसांनाही आपल्या लहानपणाचा एक मित्र गेल्यासारखं वाटलं.

साहेब थोडे वेगळेच हवेत

मालिकेतला पोलीस अधिकारी नेहमीच थोडा विक्षिप्त का असतो, याचा कधी विचार केलात? हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये १९९२ ते २०१० अशी अठरा वर्षं 'अ टच ऑफ फ्रॉस्ट' नावाची मालिका चालली. आर. डी. विंगफील्ड या लेखकाच्या कादंबऱ्यांवरून ती केलेली होती. तिच्यातला इन्स्पेक्टर जॅक फ्रॉस्ट म्हणजे एक वल्ली! कपडे चुरगळलेले, टेबलावर कागदांचा ढीग, वेळेवर जेवण नाही. फॉर्म भरायचं नाव काढलं की कपाळशूळ उठणार. साहेबांशी तर रोजचाच खटका. पण एखादा गरीब माणूस रडत ठाण्यात आला, की हा सगळं सोडून त्याचं म्हणणं ऐकणार. डेव्हिड जेसन या नटानं हा फ्रॉस्ट रंगवला.

आता थोडं गणित करूया. फ्रॉस्टचे अठरा वर्षांत झाले ४२ भाग. आपल्या एसीपींचे वीस वर्षांत १५४७! फ्रॉस्ट एका गुन्ह्यामागे चांगला दीड-दोन तास डोकं खाजवतो. आपल्या एसीपींना मात्र जाहिराती धरून तासाभरात चोर पकडायचा असतो. मग तपासातला कंटाळवाणा भाग गाळावा लागतो आणि दार तोडणं, धावणं, थप्पड मारणं एवढंच उरतं. पाहायला मजा येते, खोटं कशाला बोलू? मलाही येते! पण जे गाळलं जातं, तेच खरं पोलिसाचं काम असतं.

चला तर, गाळलेल्या जागा भरूया.

आपल्या गावात एसीपी आले कधी?

पहिली गाळलेली जागा नावातच आहे. महाराष्ट्रात खरोखरची सीआयडी आहे, म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग. पण तिचं मुख्यालय मुंबईत नाही, पुण्यात आहे. मुंबईत जे पथक मोठ्या गुन्ह्यांचा तपास करतं, त्याला गुन्हे शाखा म्हणतात. पेपरात 'क्राइम ब्रँच' असं वाचता ना, तीच ही.

आणि एसीपी म्हणजे काय? असिस्टंट कमिशनर ऑफ पोलीस, मराठीत सहायक पोलीस आयुक्त. हे पद सगळीकडे नसतं बरं का! जिथं पोलीस आयुक्तालय असतं, अशा मोठ्या शहरांतच ते असतं. आपलं मीरा-भाईंदर कित्येक वर्षं ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होतं. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि आपल्या गावाला खरेखुरे एसीपी मिळाले. टीव्हीवरच्या एसीपींनंतर तब्बल बावीस वर्षांनी!

या आयुक्तालयाचे पहिले आयुक्त होते सदानंद दाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा कामा रुग्णालयात अतिरेक्यांशी झुंजताना ते जखमी झाले होते. खरे साहेब असे असतात. हवेत हात फिरवत नाहीत, पण वेळ आली की मागं सरत नाहीत.

दार, पाकीट आणि अंगठा

आता येऊ या दयाच्या आवडत्या कामाकडे. "दया, दरवाजा तोड दो!" खऱ्या पोलिसांना असं दिसलं दार की तोड, करता येत नाही. आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत हे त्यांना आधी सांगावं लागतं, आत येऊ द्या असं म्हणावं लागतं. तरीही कोणी दार उघडलं नाही, तरच कायदा दार तोडू देतो. दया, आधी बेल वाजव, असं एसीपींनी म्हणायला हवं!

आत गेल्यावर मग काय? पंचनामा. हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पोलीस एकटेच गेले, त्यांनी काहीतरी उचललं आणि "हे इथंच सापडलं" असं म्हणाले, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून साध्या नागरिकांपैकी दोन पंच बोलावतात. कुठं काय होतं, कोणत्या रंगाचं होतं, किती होतं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत लिहितात आणि त्यांच्या सह्या घेतात. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांनुसार झडतीचं आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही करायचं असतं. पाहिलंत? पोलिसांवरही कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, याची सोय कायद्यानंच केली आहे.

मग सापडलेल्या वस्तू सीलबंद पाकिटांत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. मुंबईत सांताक्रूझजवळ कालिना इथं सरकारची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. नाव जरा लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. न्याय करायला मदत करणारं विज्ञान तिथं चालतं. रक्त कोणाचं, कपड्यावरचा डाग कशाचा, जेवणात विष होतं का, हे तिथले शास्त्रज्ञ तपासतात. डॉक्टर साळुंखे मात्र एका खोलीत सगळंच करतात! शवचिकित्साही तेच करणार, रक्तही तेच तपासणार आणि पाच मिनिटांत सांगणार, "बॉस, यह देखो!" खरोखरच्या जगात शवचिकित्सा रुग्णालयातले डॉक्टर करतात आणि प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ वेगळे असतात. तिथं एकाच वेळी ढीगभर पाकिटं येतात, प्रत्येकाचा नंबर लागतो. अहवाल यायला कित्येक दिवस जातात, कधी महिनेही.

बोटांच्या ठशांची गोष्ट तर आपल्या देशाला अभिमान वाटावा अशी आहे. ठशांची नोंद ठेवणारी जगातली पहिली कचेरी लंडनमध्ये नव्हे, तर १८९७ साली कलकत्त्यात सुरू झाली. हजारो ठशांतून हवा तो ठसा चटकन सापडावा, म्हणून त्यांची वर्गवारी करण्याची पद्धत तिथं तयार झाली. त्यासाठी डोकं लढवलं ते अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनी. पद्धतीला नाव मात्र मिळालं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं! लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग सुरू झाला तो १९०१ साली, आपल्यानंतर.

करून पाहा : एका कागदावर मऊ पेन्सिल जोरजोरात घासा, चांगला काळा डाग होऊ द्या. त्यावर अंगठा घासा. अंगठ्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवा, हळूच काढा आणि पांढऱ्या कागदावर लावा. तुमच्या अंगठ्यावर चक्र आहे, वळसा आहे की कमान? घरातल्या सगळ्यांचे ठसे घ्या. जुळी भावंडं असली, तरी त्यांचे ठसे सारखे नसतात!

पण थांबा. ठसा सापडला म्हणजे चोर सापडला का? नाही! ठसा एवढंच सांगतो, की हे बोट इथं लागलं होतं. कधी लागलं आणि कशासाठी लागलं, ते तो सांगत नाही. कपाटाच्या दारावर तुमच्या आईचेही ठसे असतातच की! म्हणून तर विचार करणारा माणूस लागतो.

आपले खरे इन्स्पेक्टर

विचार करणारा, थोडा वेगळा, धिम्मा पण पक्का असा एक खरा मराठी इन्स्पेक्टर सांगते. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे. २०२५ साली त्यांच्यावर 'इन्स्पेक्टर झेंडे' हा सिनेमाही आला. दिग्दर्शक चिन्मय मांडलेकर आणि झेंडे झाले होते मनोज वाजपेयी.

चार्ल्स शोभराज नावाचा एक अट्टल गुन्हेगार होता. वेगवेगळ्या देशांत त्याच्यावर खुनाचे आरोप होते. वेष बदलण्यात आणि गोड बोलण्यात पटाईत! १९७१ साली झेंडे यांनी त्याला मुंबईत पकडलं होतं. पुढं तो दिल्लीच्या तिहार तुरुंगात होता. मार्च १९८६ मध्ये त्यानं वाढदिवसाचं निमित्त करून पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई खायला दिली. पहारेकरी झोपले आणि हा पसार!

आता एवढ्या मोठ्या देशात त्याला शोधायचं कुठं? धागा धरून झेंडे आणि त्यांचे सहकारी गोव्यात पोचले. सगळा गोवा पालथा घालणं शक्य नव्हतं. पळून आलेल्या माणसाला कशाची गरज पडेल? परदेशातल्या आपल्या माणसांशी बोलायची. त्या काळी मोबाइल नव्हते. परदेशी फोन लावायची सोय मोजक्याच ठिकाणी होती. पर्वरीच्या 'ओ कोकेरो' या रेस्टॉरंटमध्ये ती होती. झेंडे यांनी तिथं पाळत ठेवली. गिऱ्हाईक बनून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहायचं आणि वाट बघायची.

६ एप्रिल १९८६ च्या रात्री तो आला. डोक्यावर टोपी होती. पण पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला तो चेहरा झेंडे विसरले नव्हते! त्यांनी झडप घालून त्याला धरलं. दार तोडावं लागलं नाही. पुढं झेंडे सहायक पोलीस आयुक्त, म्हणजे एसीपी म्हणून निवृत्त झाले.

या गोष्टीत झडप किती वेळ चालली? काही क्षण. आणि वाट पाहणं? त्याची गोष्ट सांगायला गेलं तर टीव्हीवाले म्हणतील, बाई, पुढं चला! पण त्या वाट पाहण्यातच सगळं होतं.

एका रंगपेटीची केस

आता त्या थपडेबद्दल बोलायला हवं. मालिकेत शेवटी काय होतं? संशयित मान खाली घालून उभा असतो. दयाची एक सणसणीत बसते आणि तो घडाघडा बोलू लागतो, "हां, मैंने ही किया!" केस खलास.

काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीची रंगपेटी हरवली. चोवीस रंगांची, नवी कोरी. मधल्या सुट्टीत मुलांनी लगेच सीआयडी स्थापन केली. एसीपी ठरले, दया ठरला. संशयित कोण? एक मुलगा त्याच वर्षी शाळेत नवीन आला होता. वडील बिगारी कामाला जायचे, मराठी त्याला धड येत नव्हतं. त्याच्याकडे रंगपेटी नव्हती आणि आदल्या दिवशी त्यानं हिच्या पेटीकडे टक लावून पाहिलं होतं. झालं! एवढा पुरावा पुरे. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मारलं कुणी नाही, पण दया झालेल्या मुलानं बाकावर जोरात हात आपटला.

आणि तो मुलगा म्हणाला, "हो, मीच घेतली."

घंटा झाल्यावर सगळी मिरवणूक माझ्यापुढं आली. "बाई, केस सुटली! यानं कबूल केलं!" मी त्याला विचारलं, "पेटी कुठं आहे?" तो गप्प. दप्तरात नव्हती, बाकाखाली नव्हती. कुठं ठेवली ते त्याला सांगताच येईना. दुसऱ्या दिवशी ती मुलगीच पेटी घेऊन आली. तिच्या शिकवणीच्या पिशवीत होती ती, घरीच.

वर्ग चिडीचूप झाला. मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, घेतली नव्हतीस, तर हो का म्हणालास?" तो म्हणाला, "हो म्हटलं की सोडतील, असं वाटलं."

मुलांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. घाबरलेला माणूस खरं बोलेलच असं नसतं. समोरच्याला जे ऐकायचं आहे, ते तो बोलतो.

ही गोष्ट कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. १८७२ सालच्या भारतीय पुरावा कायद्यात एक कलम होतं, पंचविसावं. पोलिसांपुढं दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असं ते सांगत होतं. आता त्या कायद्याच्या जागी 'भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३' आला आहे. त्यातही तेविसाव्या कलमात हाच नियम कायम आहे. म्हणजे एसीपी प्रद्युम्नपुढं रडत रडत दिलेली ती कबुली कोर्टात उपयोगाची नाही! कोठडीत असलेल्या आरोपीनं सांगितलं आणि त्यामुळे चोरलेली वस्तू खरोखर सापडली, तर तेवढाच भाग पुरावा म्हणून चालतो. आता आठवा, आमच्या केसमध्ये मी काय विचारलं होतं? "पेटी कुठं आहे?"

आणखीही नियम आहेत. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावंच लागतं, असं आपलं संविधान सांगतं. मालिकांमध्ये नार्को टेस्ट उठल्यासुटल्या करतात. पण माणसाची तयारी नसताना ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं आहे. हे नियम चोरांचे लाड करायला केलेले नाहीत. ज्यानं चोरी केलेलीच नाही, त्याच्यासाठी ते आहेत. आमच्या वर्गातल्या त्या मुलासाठी आहेत.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. घरातली अंगठी दिसेनाशी झाली, की आपल्या तोंडी पहिलं नाव कोणाचं येतं? धुणंभांडी करणाऱ्या मावशींचं. सोसायटीतून सायकल गेली, की नव्या वॉचमनचं. मुलं हे ऐकत असतात. रंगपेटीच्या केसमध्ये संशयित कसा निवडायचा, ते त्यांना कोणत्याही मालिकेनं शिकवलेलं नव्हतं.

तीन रकाने

त्या दिवसानंतर आमच्या वर्गानं एक पद्धत ठरवली. काही हरवलं, फुटलं, भांडण झालं, तर आधी फळ्यावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात 'मी स्वतः पाहिलं'. दुसऱ्यात 'मी ऐकलं'. तिसऱ्यात 'मला वाटतं'. प्रत्येकानं आपलं वाक्य योग्य रकान्यात लिहायचं. तिसरा रकाना नेहमी सगळ्यांत आधी भरतो, आणि पहिला रिकामाच राहतो! तो भरेपर्यंत कोणाचंही नाव घ्यायचं नाही.

आणि हो, 'कुछ तो गडबड है' हे वाक्य आम्ही ठेवलं आहे. ते चांगलं वाक्य आहे. बारकाईनं पाहा, खटकलं तर थांबा आणि विचारा, असं ते सांगतं. सुट्टी दिली ती फक्त थपडेला.

आता एक केस तुमच्यासाठी.

भाईंदरची एक चार मजली बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराला रोज सकाळी दुधाची पिशवी अडकवलेली असते. आज ती नाही. तुम्ही वही घेऊन जिन्यात उभे आहात. तुमच्या वहीत ही टिपणं आहेत :

१. दूधवाला म्हणतो, सहा वाजता मी पिशवी कडीला अडकवली.

२. बिल्डिंगला कालपासून नवा वॉचमन आला आहे. तो खाली गेटपाशी बसतो.

३. शेजारचे काका म्हणतात, त्याचंच काम असणार, आधी असं कधी झालं नव्हतं.

४. तिसऱ्या मजल्यापासून वर गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर दुधाचे थेंब आहेत. खाली जाणाऱ्या पायऱ्या कोरड्या आहेत.

५. गच्चीच्या दारापाशी रिकामी पिशवी पडली आहे. तिचा कोपरा कापलेला नाही, कुरतडलेला आहे.

६. गच्चीच्या दाराला खाली वीतभर फट आहे.

एक कागद घ्या, तीन रकाने आखा आणि सहाही टिपणं आपापल्या जागी लिहा. एखादं टिपण दोन रकान्यांत वाटावं लागेल, तेही शोधा. मग ठरवा, पिशवी कोणी पळवली? आणि ती नंतर गच्चीवर उन्हात मिशा चाटत बसली असेल का?

झालं की हीच टिपणं आई-बाबांना वाचून दाखवा. पण फक्त पहिली तीनच दाखवा, आणि विचारा, "तुम्हाला कोणाचा संशय येतो?" मग उरलेली तीन दाखवा.